लॉग नोंदींची तीव्रता पातळी

चालू सॉफ्टवेअर आपल्या कामाचा जो वृत्तांत सतत लिहीत असते त्याला लॉग म्हणतात आणि त्यातील प्रत्येक नोंदीला दिलेल्या महत्त्वाच्या दर्जाला तिची तीव्रता पातळी म्हणतात. मोठ्या प्रणालीत दर मिनिटाला हजारो ओळी जमा होतात. त्यांतील कोणती ओळ साठवायची, कोणती गाळायची आणि कोणत्या ओळीसाठी देखभाल करणाऱ्याला अपरात्री उठवायचे, हे बहुतांशी या दर्जावरून ठरते. पातळी निवडणे हा म्हणूनच विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे. प्रत्यक्षात मात्र तो पुष्कळदा शेजारची ओळ पाहून घाईने उरकला जातो.

एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ई-मेल प्रणालीसोबत विकसित केलेल्या सिसलॉग या लॉग नोंदवण्याच्या व्यवस्थेपासून पातळ्यांची एक परंपरा रूढ झाली. तिचे सध्याचे प्रमाणित रूप आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानकांच्या मालिकेतील २००९ च्या दस्तऐवजात आहे. त्यात इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फर्मेशनल आणि डीबग अशा आठ पातळ्यांना ० ते ७ हे क्रमांक असून क्रमांक जितका लहान तितका प्रसंग गंभीर मानला जातो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील क्रम याच्या उलट आहे : तेथे डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५० असे आकडे चढत जातात. प्रणालींच्या निरीक्षणासाठीच्या ओपनटेलिमेट्री या खुल्या मानकाने १ ते २४ ही श्रेणी चार-चार क्रमांकांच्या सहा गटांत विभागली आहे. एका प्रणालीच्या नोंदी दुसरीकडे पाठवताना ही दिशा तपासली नाही, तर गाळणी उलटी चालते आणि नेमक्या गंभीर नोंदीच वगळल्या जातात.

आठ पातळ्या सामान्य प्रोग्रॅमला जास्तच होतात. सिसलॉगमधील इमर्जन्सीचा अर्थ संपूर्ण यंत्रणा निकामी झाली असा आहे, आणि ते ठरवण्याइतकी माहिती एखाद्या प्रोग्रॅमपाशी क्वचितच असते. डीबग, इन्फो, वॉर्निंग आणि एरर या चार पातळ्या नेमकेपणाने वापरल्या, तर बहुतेक कामे भागतात.

निवडीचा निकष घटना किती अनपेक्षित होती हा नसून, नोंद वाचणाऱ्याने पुढे काय करावे हा असला पाहिजे. सोपवलेले काम पार पडले नाही, प्रोग्रॅमला ते स्वतः सावरता येत नाही आणि माणसाने लक्ष घालणे आवश्यक आहे, तेव्हा एरर योग्य ठरते. काम झाले, पण दुर्लक्ष केल्यास पुढे बिघडेल अशी स्थिती दिसते, तेव्हा वॉर्निंग द्यावी. डिस्क भरत येणे किंवा सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपत येणे ही तिची उदाहरणे. सेवा सुरू झाली, ठरलेले काम पूर्ण झाले, असे नेहमीचे टप्पे इन्फोमध्ये येतात. डीबग ही कोड समोर ठेवून शोध घेणाऱ्यासाठी असते.

खरी अडचण सीमेवरच्या प्रसंगांत येते. डेटाबेसशी जोडणी पहिल्या प्रयत्नात झाली नाही आणि दुसऱ्यात झाली, तर ती एरर नव्हे. सर्व प्रयत्न संपल्यावरच तिला तो दर्जा मिळावा. वापरकर्त्याने चुकीचा पासवर्ड दिला, यात प्रोग्रॅमचे काहीच चुकलेले नसते. मात्र एकाच पत्त्यावरून असे प्रयत्न सातत्याने होऊ लागले, तर त्या सातत्याची वेगळी वॉर्निंग असावी. अस्तित्वात नसलेले पान मागितल्यामुळे आलेला ४०४ आणि सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याचा ५०० हे वेब-उत्तरांचे संकेतांक एकाच पातळीवर नोंदवले, तर दुसरा पहिल्याच्या गर्दीत हरवतो.

सामायिक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड, लिहिणाऱ्याने अधिक संयम ठेवावा. फाइल न सापडणे हे एका प्रोग्रॅमसाठी संकट, तर दुसऱ्यासाठी अपेक्षित उत्तर असू शकते, आणि यांतले काय खरे ते फक्त बोलावणाऱ्या कोडला ठाऊक असते. लायब्ररीने अपवाद (एक्सेप्शन), म्हणजे काम अडल्याचा संकेत, वर पाठवावा आणि पातळी ठरवणे त्या कोडवर सोपवावे. नोंद करून पुन्हा तोच अपवाद पुढे ढकलण्याची सवय विशेष त्रासदायक आहे, कारण एकच बिघाड प्रत्येक थरावर एरर म्हणून उमटतो आणि बिघाडांची संख्या फुगते.

गोपनीयतेचा पातळीशी संबंध जोडू नये. डीबग एरवी बंद असते म्हणून तेथे पासवर्ड किंवा टोकन (प्रवेशाची डिजिटल किल्ली) लिहिणे धोक्याचे आहे, कारण ती पातळी चालू करण्याची वेळ केव्हातरी येतेच. त्याचप्रमाणे, कोणी कोणता व्यवहार मंजूर केला यासारख्या लेखापरीक्षणाच्या नोंदी पातळीच्या गाळणीवर अवलंबून न ठेवता स्वतंत्र वाटेने साठवाव्यात.

चालू प्रणालीत साधारणपणे इन्फोपासून वरच्या नोंदी ठेवतात आणि गरज पडल्यास, प्रणाली बंद न करता, एखाद्याच घटकाची डीबग चालू करतात. पायथॉनच्या मूळ लॉगरची, म्हणजे नोंदी करणाऱ्या घटकाची, पातळी आधीपासून वॉर्निंग असल्यामुळे नवशिक्यांना आपल्या इन्फो नोंदी दिसतच नाहीत.

एकदा ठरवलेल्या पातळ्या अधूनमधून तपासाव्या लागतात. ज्या एररवर कोणीच कधी काही करत नाही, ती खालच्या पातळीवर न्यावी, कारण निरर्थक सूचनांची सवय जडलेले लोक खऱ्या सूचनेकडेही पाहत नाहीत. ज्या बिघाडाची चाहूल फक्त डीबगमध्ये होती, ती नोंद वर आणावी. मात्र सूचना देणारे नियम बहुधा पातळीच्या नावावरच बेतलेले असल्याने, असा बदल करण्यापूर्वी देखभाल करणाऱ्यांना कळवणे आवश्यक असते.