दात बिघडलेल्या गिनीपिगला भरवणं

गिनीपिगच्या तोंडात 20 दात असतात, पुढे 4 पटाशीचे आणि मागे 16 दाढा, आणि हे सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. सुकं गवत दिवसभर चघळून ते झिजतात. हा हिशोब बिघडला की खालच्या दाढा आत जिभेकडे झुकतात, वरच्या बाहेर गालाकडे, आणि कधी कधी खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा जिभेवर चक्क पूल बांधतात, जीभ खाली अडकते आणि घास मागे सरकतच नाही. गवत कमी आणि पेलेट (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) जास्त, क जीवनसत्त्वाची कमतरता (माणसासारखंच यांच्याही शरीरात ते तयार होत नाही), मुळाशी गळू, पडून तुटलेला दात, किंवा जन्मतःच वाकडा जबडा, अशी कारणं असतात.

बऱ्याच जणांना वाटतं याची भूकच गेली. तसं नसतं! पिशवीचा आवाज आला की हा पळत येतो, काकडीचा तुकडा उचलतो, दोन-तीनदा तोंड हलवतो, टाकतो, परत उचलतो. हनुवटी लाळेने ओली असते, लेंड्या बारीक होतात. आधी गवत सुटतं, मग पेलेट, मऊ पानं सगळ्यात शेवटी, त्यामुळे पानं खातोय म्हणजे बरा आहे असं धरून चालू नका. वजन रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर करायचं, कारण डोळ्यांना दिसेपर्यंत बरंच उतरलेलं असतं.

घाई यासाठी, की यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, यकृतावरही ताण येतो, आणि मग दात बाजूला राहून जीवच धोक्यात येतो.

जे स्वतः खाऊ शकतो ते त्याच्या तोंडाला जमेल अशा आकारात द्यायचं: गाजराचा तुकडा नाही तर बुटाच्या लेससारख्या पातळ पट्ट्या, पानं उभी फाडून, पेलेट कोमट पाण्यात भिजवून. तरी वजन उतरलं तर सिरिंज. शाकाहारी प्राण्यांसाठीची रिकव्हरी पावडर (क्रिटिकल केअर वगैरे) पाण्यात कालवायची, नसेल तर त्याचेच पेलेट भिजवून पातळ करायचे. 1 मिलीच्या सिरिंजचं टोक कापून कडा गुळगुळीत केली तर गुठळी अडकत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून चारी पाय खाली ठेवूनच धरायचं, पाठीवर कधीच नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने सिरिंज घालायची, अर्धा मिली सोडायचं आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. या थांबण्यातच सगळा वेळ जातो, पहिल्या दिवशी अर्धं मिश्रण टॉवेललाच लागतं. पूर्ण सिरिंजवर असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 80 मिली, 4 ते 6 वेळांत. पोट फुगून टणक झालं असेल तर मात्र भरवू नका, सरळ व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर).

दाढा बरोबर करणं हे भूल देऊन करायचं व्हेटचं काम. पटाशीचे दात घरी नेलकटरने कापायच्या भानगडीत पडू नये, दात उभा चिरतो. त्या व्हेटला ससे-गिनीपिग बघायची सवय हवी, कारण तोंडाने दिलेलं अमोक्सिसिलिन हे प्रतिजैविक यांच्या आतड्यातले चांगले जीवाणू मारून जीव घेऊ शकतं. वेदनाशामक मागून घ्या, दुखत असताना सिरिंजही नको असते. क जीवनसत्त्व थेट तोंडात द्यायचं, पाण्याच्या बाटलीत ते लवकर निकामी होतं.

व्हेटकडून वाढलेले दात घासून कमी करून आणले म्हणजे त्याच दिवशी खायला लागेल असं नाही, जबड्याचे स्नायू सैल पडलेले असतात. काहींना आठवडा लागतो, काहींना दर काही आठवड्यांनी परत घासावे लागतात. सिरिंज एकदम बंद न करता एकेक वेळ कमी करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर आकडा खाली दिसला तर ती वेळ परत चालू करायची.