खिशातील पिस्तूल (सातारा–सांगली)

पँटच्या, बंडीच्या किंवा जाकिटाच्या खिशात मावेल आणि दिवसभर अंगावर वागवता येईल असे आखूड नळीचे शस्त्र. मॅगझीनचे (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचे) छोटे पिस्तूल आणि फिरत्या चक्रीत काडतुसांची पाच-सहा घरे असलेले रिव्हॉल्व्हर हे दोन्ही प्रकार यात येतात. सातारा–सांगलीकडे बोलताना हा भेद कुणी पाळत नाही, ‘घोडा’ म्हटले की भागते. वास्तविक घोडा म्हणजे काडतुसाच्या बुडावरील टोपीवर घाव घालणारा भाग आणि बोटाने ओढतो तो चाप. खिशाच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण अपघात बहुधा या दोनपैकी एकामुळे होतो.

फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एकबारी पिस्तुले एकोणिसाव्या शतकात इतकी खपली की तसल्या सगळ्याच ठेंगण्या शस्त्रांना त्याचे नाव चिकटले. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती डेरिंजरमधूनच. पुढे जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यांवरून .२५ व .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इथे इंचांत) चपटी पिस्तुले आली आणि १९३० च्या सुमारास जर्मनीत वॉल्थर पीपीके. भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात बंद झाली. आज कुणाकडे जुने ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर किंवा वॉल्थर दिसले, तर ते बहुतेक वारशाने आलेले असते किंवा भरमसाट किमतीला घेतलेले असते.

निवडीचा प्रश्न दुकानात सुरू होतो असे वाटते, पण निम्मी निवड कायद्याने आधीच केलेली असते. शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार ९ मि.मी., .३८० आणि .४५५ अशी लष्करी किंवा पोलिसी काडतुसे वापरणारी शस्त्रे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात, ती सामान्य अर्जदाराला मिळत नाहीत. राहते ते मुख्यतः .३२. त्यातही घोटाळा आहे. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस लांब व कडेला ओठ असलेले, पिस्तुलाचे आखूड. परवान्यावर ‘बत्तीस बोअर’ एवढेच लिहिले म्हणून एकाचे दुसऱ्यात चालत नाही. ताकद दोन्हींची बेताची, ९ मि.मी.च्या एकतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

देशी बनावटीत सरकारी शस्त्र कारखान्यांपैकी इशापूरचे (प. बंगाल) ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल आणि कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर ही जुनी नावे. कानपूरचे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून भरायचे, वेब्लीच्या वळणाचे. नळी ७६ मि.मी., वजन सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आले, सुमारे ५०० ग्रॅमचे. त्यानंतरचे इशापूरचे .२२ ‘निडर’ अवघे २५० ग्रॅमचे. २०२३ चे ‘प्रबल’ चक्री बाजूला उघडणारे, पण वजनाने पुन्हा ७०० ग्रॅम. खिशासाठी म्हणून खास घडवलेले असे यात ‘निडर’च, बाकीची खिशात जातात, पण खिसा ती विसरू देत नाही. हलके घ्यावे तर झटका जास्त आणि नेम कठीण, जड घ्यावे तर आठ दिवसांत ते घरच्या कपाटात राहू लागते. घरी राहणाऱ्या पाऊण किलोपेक्षा अंगावर राहणारे अर्धा किलो बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

इकडचा पेहरावही मध्ये येतो. पायजम्याची नाडी हे वजन पेलत नाही. नेहरू शर्टाचा बाजूचा खिसा खोल असतो, पण चालताना हेलकावतो आणि गाडीत बसले की शस्त्र मांडीखाली आडवे होते. पांढऱ्याशुभ्र लिननच्या शर्टातून तर ते बसस्टँडवरच्या पोरालाही ओळखू येते. बंडीचा आतला खिसा त्यातल्या त्यात सोयीचा, मात्र उन्हाळ्यात घामाने शस्त्र गंजते. शिवाय खिशात आधीपासून कोण कोण राहते ते पाहावे लागते: गाडीची चावी, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. चावीचे टोक चापाच्या कडीत शिरले तर पुढचे सांगायला नको. उघड्या घोड्याची शेपटी अस्तरात अडकते ती वेगळीच. म्हणून त्या खिशात दुसरे काहीही न ठेवणे आणि चाप पूर्ण झाकणारे ताठ चामड्याचे म्यान वापरणे या दोन गोष्टी बोअरच्या चर्चेपेक्षा वरच्या. बार झाल्यावर घोडा आपोआप मागे सरून अडकतो की नाही, हेही पाहूनच घ्यावे. जुन्या शस्त्रांत तशी सोय नसेल, तर रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखालचे घर आणि पिस्तुलाची नळी रिकामी ठेवतात.

म्यान ही निव्वळ सोय नव्हे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर म्यानात किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे. ते उपसून दाखवण्यास सक्त मनाई आहे. म्हणजे नुसते खिशात टाकलेले शस्त्र नियमात बसत नाही आणि कमरेला लावून शर्ट मुद्दाम वर सरकवणे तर मुळीच नाही. इकडे दुसऱ्या प्रकारची हौस जास्त. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहेत. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. अर्ज पोलीस चौकशीतून जातो. खानापूर, आटपाडी, तासगाव भागांतून देशभर पसरलेले सोने-चांदीचे गलाई व्यावसायिक, सराफ, सांगलीचे हळद-बेदाण्याचे अडते, माजी सैनिक ही नेहमीची अर्जदार मंडळी. पाटण-जावळीकडच्या शेतकऱ्याचा परवाना वेगळ्या जातीचा असतो. रानडुकरासाठी त्याला लांब नळीची बंदूक लागते, तिथे खिशातले खेळणे कामाचे नाही. गावठी कट्ट्याची या नोंदीत चर्चा नाही. तो बेभरवशाचा तर आहेच, शिवाय विनापरवाना बाळगण्यास किमान दोन वर्षांची कैद आहे.

परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर मिरजेहून निघालेल्या माणसाचा हक्क म्हैसाळ ओलांडून कागवाडला पोहोचेपर्यंतच टिकतो, पुढे कर्नाटक. अथणीला बाजाराला जाणारे हे सर्रास विसरतात. झाडलेल्या गोळीचा हिशेब पुढे खासगी बचावाच्या हक्कात तपासला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ आहेत. धोक्याच्या मानाने बळ जास्त वापरले गेले का, हा तिथला पहिला प्रश्न असतो.

देखभालीत हवामानाचा हात मोठा. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात पोलादावर रात्रीतून तांबूस ठिपके येतात, जत-आटपाडीकडे धूळ, सांगलीच्या वखारभागात हळदीची बारीक पूड. खिशातले सुताचे तंतू घोड्याच्या फटीत जाऊन बसतात. आठवड्याला कोरडा फडका आणि तेलाचे बोट पुरते, पण तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ऐन वेळी बार फुसका जातो. महिनोन्महिने खिशात राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवट पूट चढते, अशी काडतुसे बदलावीत.

निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. परवानाधारक वारला तर वारसाला शस्त्र घरात ठेवता येत नाही, ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे अर्ज करावा लागतो. धारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज त्याच्या हयातीतही करता येतो.