सिस्टर ऑक्सिजन कमी का करतात?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि त्याच्याबरोबर सॅच्युरेशनचा (रक्तातले हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे त्याचा) ९४ हा आकडाही. ९४ च्या खाली गेले की धोका, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले. त्या दिवसांत ते बसणे गरजेचेच होते. साथ ओसरली तरी आकडा मात्र राहिला आणि आता तो सरसकट प्रत्येक पेशंटला लावला जातो. वॉर्डात सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) आजोबा दाखल असतात. मॉनिटरवर ९३ दिसत असते. सिस्टर येतात, भिंतीवरच्या फ्लोमीटरची चकती फिरवतात आणि ऑक्सिजन दोन लिटरवरून एकवर आणतात. आकडा ९१ वर येतो आणि नातेवाईक हवालदिल होतात. "अहो सिस्टर, एक्क्याण्णवच आहे, वाढवा ना!" सिस्टर नाही म्हणतात. त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या की कुणीतरी हळूच उठून चकती फिरवते आणि नळीतली गोळी पाचावर जाऊन बसते.

हे प्रेमापोटीच होते. पण यातून माणूस दगावू शकतो, आणि तो कसा, हे नातेवाइकांना नीट समजावून सांगायला वॉर्डात कुणाला उसंत नसते. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

ऑक्सिजन हे औषध आहे. इन्सुलिनचा जसा डोस असतो, तसा ऑक्सिजनचाही असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला एक लिटर सोडला तर हे प्रमाण साधारण २४ टक्क्यांवर जाते, दोन लिटरला २८ च्या आसपास. खाली पिशवी लोंबत असलेल्या मास्कमधून १० ते १५ लिटर दिला तर ते ६० टक्क्यांच्याही बरेच वर जाते. डॉक्टर केसपेपरवर लिहितात ते मुख्यतः लक्ष्य: या पेशंटचे सॅच्युरेशन इथपासून इथपर्यंत ठेवा. निमोनिया, दमा, अपघात अशा बहुतेक रुग्णांसाठी ते ९४ ते ९८ असते. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ८८ ते ९२. तेव्हा आजोबांचे ९१ हे अगदी हवे तिथेच आहे. ते ९३ वर गेले म्हणून सिस्टरनी ऑक्सिजन उतरवला, तर तो उपचारच झाला.

सीओपीडी म्हटले की बिडी-सिगारेट आठवते, पण आपल्याकडे चित्र त्याहून मोठे आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लिहिले होते: आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्यांना होणारी सीओपीडी. चुलीतल्या लाकडांचा आणि गोवऱ्यांचा धूर हे तिचे एक मोठे कारण. तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या आजीला "वयामुळे धाप लागते" असे सांगितले जाते, आणि तिचा आजार दवाखान्याच्या कागदावर यायलाच उशीर होतो.

आता मूळ मुद्दा. ८८ ते ९२ च का? थोडे कमी ठेवून काय साधते?

आधी हे पाहू की त्यात तोटा किती आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन जवळजवळ ९० टक्के भरलेले असले, तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ते ९८ टक्के भरले तर साडेएकोणीस. म्हणजे वरच्या त्या आठ टक्क्यांसाठी ऑक्सिजन कितीही ओतला, तरी पदरात दीड मिलिलिटर पडतो. हृदय आणि मेंदू ९० वर व्यवस्थित भागवतात, आणि ज्याचे फुप्फुस वर्षानुवर्षे आजारी आहे त्याच्या शरीराला तर त्याची सवयच झालेली असते.

आणि फायदा? त्यासाठी फुप्फुसातली एक यंत्रणा समजून घ्यावी लागेल. शरीरातल्या सगळ्यांत देखण्या यंत्रणांमध्ये मी तिला अगदी वरचे स्थान देईन.

फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक कोशाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कोशात हवा येते, जाळ्यातून रक्त वाहते, आणि दोघांमध्ये देवाणघेवाण होते. पण सगळ्या कोशांत सारखी हवा कधीच जात नाही. कुठे कफ अडकलेला असतो, कुठे नळी आकुंचलेली असते. अशा कोंदट कोशाकडे रक्त पाठवले तर ते जसे गेले तसेच, काळपट, परत येणार. मग शरीर काय करते? पाटाच्या पाण्याची दारे धरणारा शेतकरी पीक जळालेल्या वाफ्याचे दारे मातीने बंद करतो आणि पाणी उभ्या पिकाकडे वळवतो. फुप्फुस हेच करते. ज्या कोशात ऑक्सिजन कमी, त्याच्याकडे जाणारी बारीक धमनी आवळली जाते आणि रक्त आपोआप चांगल्या कोशांकडे वळते. हे काम ती धमनी स्वतःच करते, मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता.

स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवले. यातले नवल असे की शरीरातल्या इतर धमन्या बरोबर उलट वागतात. मांडीच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण तिथे जास्त रक्त पोहोचवायचे असते. फुप्फुसातल्या धमन्यांचे काम वेगळे, म्हणून स्वभावही वेगळा. त्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना ऑक्सिजन कमी झाल्याची खबर लागते (यात पेशींतल्या मायटोकाँड्रियांचा, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भागांचा, मोठा वाटा आहे), पोटॅशियम बाहेर सोडणारी दारे मिटतात, पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, त्या बदलाने कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आकुंचन पावतो. काही सेकंदांत सुरू होणारा आणि काही मिनिटांत जोर धरणारा हा सगळा खेळ. आईच्या पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत हवाच नसते, त्यामुळे तिथल्या धमन्या आवळलेल्या राहतात आणि बाळाचे बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की त्या सैल पडतात. लडाखसारख्या उंचीवर घाईने चढलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरते, त्यामागेही हेच आवळणे असते: सगळीकडेच ऑक्सिजन कमी, म्हणून धमन्या सगळीकडे पण कमीजास्त आवळतात, आणि जिथे कमी आवळल्या तिथे रक्ताचा सगळा दाब येतो.

आता आपल्या आजोबांकडे येऊ. त्यांच्या फुप्फुसात कोंदट कोश पुष्कळ आहेत, आणि वर्षानुवर्षे या यंत्रणेने रक्त तिकडून काढून चांगल्या कोशांकडे वळवले आहे. त्या आधारावर त्यांचे चालले आहे. आपण चकती फिरवून पाच-सहा लिटर ऑक्सिजन सोडतो. इतका दाट ऑक्सिजन अर्धवट बंद नळीतूनही झिरपत त्या कोंदट कोशांत पोहोचतो. तिथली धमनी फसते. तिला वाटते कोश सुधारला, आणि ती सैल पडते. रक्त पुन्हा तिकडे धावते आणि तितके चांगल्या कोशांकडचे कमी होते. रक्ताला ऑक्सिजन मिळतो खरा, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवेची खरोखरीची ये-जा लागते, आणि ती त्या कोशांत नाहीच. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड रक्तातच राहतो.

त्यात आणखी एक भर पडते. हिमोग्लोबिन ऑक्सिजनने गच्च भरले की ते धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडून देते. याला हाल्डेन परिणाम म्हणतात. निरोगी माणूस दोन श्वास जोरात घेऊन हा जादाचा वायू बाहेर टाकतो. आजोबांच्या अंगात तेवढे बळ नसते.

पाठ्यपुस्तकांत आणि वॉर्डातही तिसरेच कारण जास्त सांगितले जाते: या रुग्णांचा श्वास कमी ऑक्सिजनच्या धाकावर चालतो, ऑक्सिजन दिला की तो धाक जातो आणि श्वास मंदावतो. यात तथ्य आहे, पण वाटा लहान आहे. मिशेल ओबिये आणि सहकाऱ्यांनी १९८० साली अशा रुग्णांना शुद्ध ऑक्सिजन देऊन मोजमाप केले. पाव तासाने त्यांचे श्वसन मूळच्या सुमारे ९३ टक्के होते, म्हणजे फारसे घटलेले नव्हते. तरीही रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी पाऱ्याच्या २३ मिलिमीटरने चढला होता. यातला सर्वांत मोठा हिस्सा रक्त चुकीच्या कोशांकडे वळल्याचा, त्याखालोखाल हाल्डेन परिणामाचा.

बाहेरून हे कसे दिसते? इथेच घात होतो. कार्बन डायऑक्साइड चढला की गुंगी येते. रात्रभर तळमळणारा, उठून बसणारा माणूस शांत पडून राहतो. नातेवाईक म्हणतात, "बघा, ऑक्सिजन वाढवला आणि झोप लागली." ऑक्सिमीटरवर ९९ झळकत असते, कारण त्या यंत्राला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. अनुभवी सिस्टर मात्र त्या झोपेवर विश्वास ठेवत नाहीत. त्या हाक मारतात, हात हातात घेतात. तळवे गरम, नाडी जोरकस, हात पुढे ताणून मनगट वर उचलायला सांगितले तर पंजा फडफडतो, बोलणे असंबद्ध, सकाळी डोके दुखते: यातले काही दिसले की त्या डॉक्टरांना बोलावतात, मनगटाच्या धमनीतून रक्त काढून वायूंची तपासणी होते, आणि गरज पडली तर बायपॅप लागते. ते यंत्र मास्कमधून दाब देऊन हवेची ये-जा वाढवते, आणि साठलेला वायू बाहेर पडतो. मास्क घट्ट बसावा पण नाकाच्या हाडावर जखम होऊ नये, हे सांभाळायचे कामही सिस्टरचेच.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हे वाचून कुणी पेशंटचा ऑक्सिजन काढून ठेवू नये. सॅच्युरेशन ८८ च्या खाली असेल तर ऑक्सिजन द्यायचाच, कारण त्याची कमतरता फार लवकर मारते. चुकून जास्त दिला गेला असेल तरी एकदम बंद करायचा नसतो. साठलेला कार्बन डायऑक्साइड कोशांत जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे सॅच्युरेशन आधीच्याही खाली कोसळते. म्हणून टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा. आपल्या हाताने चकतीला ना वर हात लावायचा, ना खाली.

कोविडच्या त्याच दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरत होते, आणि आजही धाप लागलेल्यांच्या उशाशी ती पुरचुंडी दिसते. कापूर हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते हे खरे. नाकातल्या गारव्याच्या संवेदना चाळवल्या जातात म्हणून तसे वाटते. नाकातून जाणारी हवा मोजली तर ती वाढलेली नसते, मग रक्तातला ऑक्सिजन वाढायचा प्रश्नच येत नाही. शिवाय कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे तिथे पेशंटजवळ कापूर, उदबत्ती, समई यांपैकी काहीही पेटवू नये.

सिस्टरच्या बाकीच्या कामांमागेही असेच विज्ञान आहे. त्या श्वास मोजतात ते पेशंटला न सांगता आणि पूर्ण एक मिनिट, कारण कुणी मोजते आहे हे कळले की श्वास बदलतो. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. त्याहून चढत गेला तर सॅच्युरेशन घसरायच्या आधीच तब्येत बिघडू लागल्याचे कळते. समोर टेबल आणि उशी ठेवून पुढे झुकून बसवतात, म्हणजे छातीचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या कामी येतात. ओठ चंबूसारखे करून सावकाश फुंकर घालायला शिकवतात, कारण त्याने नळ्यांत थोडा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते. नेब्युलायझर शक्यतो साध्या हवेवर चालवतात आणि ऑक्सिजनची नळी त्या वेळी नाकाला वेगळी ठेवतात. नाक कोरडे पडले तर नातेवाईक खोबरेल तेल नाहीतर तूप लावतात. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काही लावणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे, त्यासाठी पाण्यात विरघळणारी जेली मिळते. आणि कानामागे नळी घासून झालेली जखम रोज पाहणारेही बहुधा सिस्टरशिवाय कुणी नसते.

हे सगळे मोजूनमापून दिलेल्या ऑक्सिजनने खरेच जीव वाचतात का? ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर ॲम्ब्युलन्समधल्या कर्मचाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. धाप लागलेल्या, सीओपीडी असावी असे वाटणाऱ्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ चे लक्ष्य धरून. २०१० साली निष्कर्ष आले: पहिल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ४ टक्के. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही, फक्त चकती कुठे थांबवायची एवढाच फरक.

म्हणून सीओपीडीचा पेशंट घरी नेताना डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी ठळक लिहून घ्या: कार्बन डायऑक्साइड कधी साठला होता का, आणि सॅच्युरेशनचे लक्ष्य किती. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री-अपरात्री १०८ बोलावावी लागली, तर मास्क लावण्याआधी तो गाडीतल्या डॉक्टरांना दाखवा.