तरुणांमधील धूम्रपान : मित्रमंडळी आणि समाजमाध्यमे

पौगंडावस्थेत किंवा विशीच्या आसपास सुरू होणाऱ्या धूम्रपानामागे समवयस्कांची सोबत आणि मोबाइलवर दिसणारा धूर ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पहिली सिगारेट बहुधा विकत घेतलेली नसते. टपरीवर चहाबरोबर कुणीतरी ती पुढे केलेली असते. ‘एक कश मार’ यात धाक नसतो, आपलेपणा असतो, म्हणूनच नकार जड जातो. मित्रांमुळे मुलगा ओढू लागतो, तसाच ओढणारा मुलगा ओढणारे मित्रही शोधतो. त्यामुळे ‘संगतीने बिघडला’ हे घरच्यांचे निदान अर्धेच खरे असते.

संगतीतून आकड्यांचा भ्रम तयार होतो. कट्ट्यावरच्या पाचांपैकी तिघे ओढत असले, की ‘सगळेच ओढतात’ असे वाटू लागते. प्रत्यक्षात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील ३.८ टक्केच लोक धूम्रपान करत होते. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के होते.

समाजमाध्यम हा भ्रम वाढवते. न ओढणारा आपण ओढत नसल्याचा फोटो टाकत नाही. धुराची वलये काढणाऱ्याची चित्रफीत मात्र फिरते, आणि ती एकदा थांबून पाहिली की तशाच आणखी समोर येतात. अमेरिकेतील ‘जूल’ हे याचे ठळक उदाहरण. २०१५ मध्ये आलेली ही ई-सिगारेट, म्हणजे निकोटिनच्या द्रावाची वाफ ओढण्याचे बॅटरीवरचे, पेनड्राइव्हसारखे उपकरण, दप्तरात सहज लपे. आंबा, पुदिना असे स्वाद आणि निकोटिनचे क्षार यांमुळे घशाला फारसे टोचतही नसे. सुरुवातीच्या जाहिरातींत तरुण चेहरे होते, पुढचा प्रचार मुलांनीच फुकट केला. कंपनीने २०१८ मध्ये इन्स्टाग्राम व फेसबुकवरील आपली खाती आवरली, तरी मुलांच्या पोस्ट थांबल्या नाहीत. २०१९ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागील ३० दिवसांत ई-सिगारेट वापरलेली होती.

भारतात २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात, १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री यांवर बंदी आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. ओटीटी मंचांना २०२३ पासून तंबाखूविषयीचे इशारे दाखवावे लागतात. मित्राने हौसेने टाकलेली रील यातल्या कशात नीट बसत नाही. सुट्या विक्रीने आणखी एक गोची होते : पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा सचित्र इशारा सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती येतच नाही, आणि खिशात दहावीस रुपये असले तरी भागते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली, पण टपरीवर ती चालूच दिसते.

शाळेत फक्त कर्करोगाची चित्रे दाखवून फार साधत नाही. पंधराव्या वर्षी पन्नाशीतला आजार दूरचा वाटतो. मैत्री न तोडता नाही कसे म्हणायचे, याचा प्रत्यक्ष सराव आणि खरे आकडे जास्त उपयोगी पडतात. मात्र जिथे बहुतेक जण खरोखरच ओढतात, अशा वसतिगृहात ‘फार थोडे ओढतात’ हे सांगणे अंगलट येते.

सोडणाऱ्याची घसरगुंडी बहुधा त्याच चहाच्या वेळेला, त्याच टोळक्यात होते. तलफेची लाट साधारण काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरी टाळणे, पाणी पिणे, हात गुंतवणे चालते. पहिले काही आठवडे चहाची जागाच बदललेली बरी. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.