ईसीजीवरचे अडीच चौकोन

उन्हाळ्यात पट्टीचा पोहणारा पोरगा विहिरीत उडी मारतो आणि वर येतच नाही. गाव म्हणतं, ही विहीर बळी घेतेच. डोक्याला मार, कपारीत अडकणं, कारणं पुष्कळ असतात. पण एक कारण असं, की शवविच्छेदनात त्याचा मागमूस लागत नाही, आधी काढलेल्या ईसीजीत मात्र ते दिसू शकलं असतं: लाँग क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विजेने सावरायला लागणारा वेळ लांबणं.

ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, मोठा 0.2 चा. प्रत्येक ठोक्याला उमटणाऱ्या नक्षीत उंच टोकाआधीच्या क्यू लहरीच्या सुरुवातीपासून शेवटच्या गोलसर टी लहरीच्या अंतापर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. नाडी जलद झाली की तो आखडतो, म्हणून बॅझेटच्या 1920 च्या सूत्राने दुरुस्त करायचा: क्यूटी भागिले दोन ठोक्यांतल्या काळाचं वर्गमूळ. ठोक्यांत 20 लहान चौकोन (0.8) आणि क्यूटी 11 (0.44) असेल तर उत्तर 0.49. वरवर साधा वाटणारा आकडा धोक्याच्या उंबरठ्यावर येतो. पुरुषांत 0.45, बायकांत 0.46 पर्यंत चालतं, 0.5, म्हणजे मिनिटाला 60 ठोके असताना अडीच मोठे चौकोन, ओलांडले की डॉक्टरांनी खुर्चीतून उठावं. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. चपट्या टी लहरीचं शेपूट त्याला सापडत नाही. ईसीजीच्या बारा नोंदींपैकी (लीड) दोन किंवा व्ही-पाच या नोंदीत हाताने मोजावं.

आता खरी गंमत हृदयाच्या पेशीत. ठोक्याला सोडियम आत घुसतं, मागोमाग कॅल्शियम. उणे 90 मिलिव्होल्टवरची पेशी शून्याच्या वर जाते. परत खाली यायला पोटॅशियम ठरावीक वाटांनी बाहेर पडावं लागतं. या वाटा जन्मतः कमजोर असल्या किंवा औषधाने बुजल्या, तर पेशी अधांतरी रेंगाळते, कॅल्शियमची दारं दुसऱ्यांदा उघडतात आणि अवेळी ठोका पडतो. आजूबाजूच्या काही पेशी सावरलेल्या, काही नाहीत. त्यांत ती लहर गरगरत राहते. कागदावर पीळ घातलेल्या दोरासारखी नक्षी उमटते. देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 मध्ये तिला 'टोर्साद द प्वाँत', म्हणजे टोकांचा पीळ, म्हटलं. मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस कोसळतो, हातपाय झाडतो. लहर आपोआप थांबली तर लगेच भानावर येतो. नाही थांबली तर संपलं.

रक्तातलं पोटॅशियम घटलं तर ते पेशीबाहेर पडणं सोपं व्हायला हवं ना? होतं उलटंच. 'हर्ग' नावाची वाट बाहेर पुरेसं पोटॅशियम असेल तरच नीट वाहते. म्हणून मे महिन्यातली हगवण-उलटी, ओआरएस नाही, त्यात ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन, ही क्यूटी लांबवणारी जोडी सांभाळूनच द्यावी. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही क्यूटी लांबवतात. तसा रुग्ण आला की ईसीजी एकदा काढून भागत नाही.

लाँग क्यूटीच्या जन्मजात प्रकारांत पहिला धावताना-पोहताना गाठतो, दुसरा फोन किंवा फटाक्याच्या दचक्याने, तिसरा झोपेत. अशी कोसळणाऱ्या पोरीला गावात कांदा हुंगवतात, अंगात आलं म्हणतात. शिकलेले मिरगीच्या गोळ्या सुरू करतात. आधी ईसीजी काढा. निदान झालं तर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी रोज, एकही दिवस न चुकवता. पीळ चालू असेल तर शिरेतून 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. नाडीच लागत नसेल तर छाती दाबणं आणि शॉक. आणि तिच्या भावंडांचाही ईसीजी काढावा, कारण बहुतेक प्रकारांत आई-बापांपैकी एकाकडून दोष यायची शक्यता निम्मी असते.