रोगजंतू सिद्धांत आणि त्याचे प्रतिस्पर्धी (नागपूर)

संसर्गजन्य रोग ठरावीक सूक्ष्मजीवामुळे होतो, तो जीव एका शरीरातून दुसऱ्यात जातो आणि ही वाट तोडली की साथ थांबते, हे रोगजंतू सिद्धांताचे सार. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभा राहिला. त्याआधी लोकांनी रोगाची वेगळी कारणे सांगितली होती आणि नंतरही सांगत राहिले : दूषित हवा, जमिनीतला ओलावा, शरीरातील दोषांचा बिघाड, देवीचा कोप, करणी. नागपुरात ही सगळी उत्तरे आजही एकाच मोहल्ल्यात ऐकू येतात. तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आई मेयो रुग्णालय गाठते, तेव्हा आजीने त्याची दृष्ट आधीच काढलेली असते.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडेचे प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ हा गजर शहर १८८० च्या दशकापासून ऐकत आले आहे. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये आणि पटकीचा (कॉलऱ्याचा) १८८४ मध्ये, म्हणजे त्याच दशकात. मारबतीमागची समजूत नीट पाहण्यासारखी आहे. रोग बाहेरून येतो आणि त्याला वेशीबाहेर घालवता येते, असे ती मानते. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे सोडणाऱ्या खेड्यांचीही समजूत हीच होती. कारण चुकीचे असले तरी रोग येतो-जातो, ही लोकांची जाण खरी होती आणि त्या काळच्या अनेक डॉक्टरांकडे तीही नव्हती.

आयुर्वेदाची मांडणी याहून गुंतागुंतीची आहे. वात, पित्त आणि कफ यांच्या वैषम्यातून रोग होतो, हा तिचा पाया. पण एकाच वेळी सगळा गाव का आजारी पडतो? प्रत्येकाची प्रकृती निराळी असताना असे का व्हावे, हा प्रश्न चरकसंहितेने विमानस्थान या भागात थेट विचारला आहे आणि वायू, उदक, देश व काल बिघडल्याने असे घडते, असे उत्तर दिले आहे. सुश्रुताने तर अंगस्पर्श, श्वास, सहभोजन आणि दुसऱ्याची वस्त्रे वापरणे यांतून कुष्ठ, ज्वर, शोष (क्षय) असे रोग माणसातून माणसात जातात, असे स्पष्ट लिहिले. आयुर्वेद संसर्ग मानत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे वाचलेले नसते. ‘जंतू आमच्याकडे आधीच सांगितले होते’ असे म्हणणारेही तितकेच चुकतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, वेगळा काढून, एका रोगाशी एकच जंतू जोडण्याची पद्धत तिथे नाही.

हवा की पाणी

वादाचा निकाल पटकीने लावला. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने १८५४ मध्ये पाणी पुरवणाऱ्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांची तुलना केली. गल्ली तीच, हवा तीच, नळ मात्र वेगळे. शहराच्या सांडपाण्याने घाण झालेल्या भागातून थेम्सचे पाणी घेणाऱ्या घरांत दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, तर वरच्या अंगाचे पाणी घेणाऱ्यांत ३७. दूषित हवेच्या सिद्धांताला याचे उत्तर देता आले नाही, तरीही तो पुढे कित्येक वर्षे टिकला.

हिंदुस्थानात तो टिकण्याचे एक कारण सरकारी होते. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम हे पटकी संसर्गजन्य नाही, ती स्थानिक परिस्थितीतून उपजते, असे ठासून मांडत. संसर्ग मान्य केला की जहाजांवर क्वारंटाईन आले आणि व्यापाराला खीळ बसली. वैज्ञानिक वादात पैसा कोणत्या बाजूला उभा आहे, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास कळत नाही. कॉखने कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचा जंतू शोधून दाखवल्यावरही ब्रिटिश तज्ज्ञांनी तो निष्कर्ष नाकारला.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांचे म्हणणे अधिक गंभीरपणे घ्यावे लागते. जंतू असतो, हे त्यांना मान्य होते. पण योग्य जमीन आणि भूजलाची स्थिती असल्याशिवाय तो साथ पसरवत नाही, असे ते म्हणत. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण प्यायले आणि त्यांना जुलाबावर निभावले. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने ८ हजारांहून अधिक माणसे मेली, पण गाळलेले पाणी पिणारे शेजारचे आल्टोना बरेचसे वाचले. पेटेनकोफर यांचा अनुभव खरा होता, निष्कर्ष चुकीचा. जंतूंची मात्रा, जठरातील आम्ल आणि आधीची प्रतिकारशक्ती यांवर आजार ठरतो, म्हणून जंतू पोटात गेलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही.

नागपूर नगरपालिका १८६४ ची. अंबाझरी तलावाचे पाणी नळाने शहरात आणण्याचे काम १८७० च्या दशकातले, म्हणजे कॉखच्या शोधाआधीचे. घाण आणि दुर्गंधी यांच्याविरुद्ध लढणाऱ्या पिढीने शुद्ध पाण्याचे काम केले ते चुकीच्या कारणासाठी, पण त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पुढे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. पाणी, सांडपाणी आणि साथीचे रोग यांचा एकत्र विचार करणारी संस्था अभियंत्यांची असावी, हे या वादाच्या निकालाला धरूनच आहे. नळाला तासाभरापुरते पाणी येते, तेव्हा उरलेल्या वेळात रिकाम्या जलवाहिनीत दाब नसतो आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. काविळीच्या साथीचा शोध घेताना अभियंता आधी ही जागा हुडकतो.

चांदीपुरा

१९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ असताना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नागपूरच्या चांदीपुरा भागाचे नाव त्याला मिळाले. पण रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडला म्हणजे आजार त्यानेच झाला, असे सिद्ध होत नाही. जवळपास चार दशके हा विषाणू आजाराविनाच ओळखला जात होता.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वराने गाठले आणि १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्या वर्षी मुले गेली. संध्याकाळी ताप, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी बेशुद्धी आणि मृत्यू, असा हा वेग. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुरा विषाणू किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. तरी काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला : हा मेंदूज्वर नाही, मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका आहे, इतक्या झपाट्याने विषाणू मारत नाही. जुन्या वादाचाच हा नवा अवतार, आणि चांगला अवतार, कारण दोन्ही बाजू तपासता येण्याजोगे बोलत होत्या. कारण कोणते आणि मृत्यू कसा येतो, हे दोन प्रश्न त्यामुळे वेगळे झाले. पुढे २००७ मध्ये नागपूर विभागात साथ आली तेव्हा यंत्रणा या विषाणूच्याच मागावर होती. तो पसरतो सँडफ्लाय माशीमुळे. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यांत राहते, म्हणून भेगा लिंपणे आणि फवारणी करणे हा बंदोबस्त. एवढ्या वेगाच्या आजारात ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषीकडे गेलेली एक रात्रही परवडत नाही.

जमीन आणि बी

कुष्ठरोग पिढीजात आहे, असे युरोपातील मोठे तज्ज्ञ मानत होते. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये जंतू दाखवला, पण तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही आणि बहुतेक माणसे त्याला उपजतच दाद देत नाहीत. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी संशोधनासाठी हे जंतू स्वतःला टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. पेटेनकोफर यांनी असाच धोका स्वतःचा सिद्धांत वाचवण्यासाठी पत्करला होता, आमट्यांनी रुग्णांना औषध मिळावे म्हणून.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तो जंतूचा आजार नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे तो होतो आणि आईवडिलांकडून येतो. हाडे फोडणाऱ्या त्या वेदनांना कित्येक घरांनी करणी म्हटले. जंतू सिद्धांताला इथे काही सांगायचे नाही, आणि ते मान्य करणे हे त्याचे बळ आहे.

क्षयरोगात मात्र जंतू (बी) आणि शरीराची स्थिती (जमीन) या दोन्ही बाजू एकत्र येतात. जंतू असंख्य लोकांच्या शरीरात निपचित असतो, आजार होतो त्यांतल्या थोड्यांना. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्यातील नवे क्षयरोगी सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. गोळ्यांशिवाय शिधा पुरत नाही, पण उपाशी घराला नुसत्या गोळ्याही पुरत नाहीत.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने श्रद्धेवर बंदी घातलेली नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा मात्र गुन्हा आहे. मारबत दरवर्षी निघते, आणि पावसाळ्यात आरोग्य खात्याचे कर्मचारी त्याच गल्ल्यांत कूलरमधले साचलेले पाणी ओतायला सांगत फिरतात.