ब्रेक चूं चूं करतोय? आधी थरथरतंय काय ते शोधा

पावसाळा संपता संपता कासला गर्दी व्हायला लागली की साताऱ्यात एक आवाज हमखास कानावर येतो, यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिरापाशी येणाऱ्या बाईक्सचे पुढचे डिस्क ब्रेक किंचाळत असतात. वर पठारावर जांभ्याची तांबडी माती, रस्त्यावर तिचाच चिखल, उन्हानं वाळला की बारीक धूळ, आणि त्यात अख्खा घाट ब्रेक दाबून उतरलेला. मग वैतागून कोणी डिस्कवर तेलाचा फवारा मारतं, कोणी थेट गॅरेज गाठून डिस्कवर दाबले जाणारे पॅड बदला म्हणतं. पहिलं जीवावर बेतू शकतं आणि दुसऱ्यात बऱ्याचदा पैसे फुकट जातात, कारण आवाज पॅड संपल्यामुळेच येतोय असं दरवेळी नसतं.

आवाज येतो म्हणजे काहीतरी थरथरतंय. घर्षण आपल्याला हवंच आहे, गाडी थांबते ती त्याच्यावरच. घालवायचा आहे तो कंप. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर तेल मारायचं कोणाच्या मनातही येणार नाही.

होतं काय, तर पॅड डिस्कवर सरळ गुळगुळीत सरकत नाही. क्षणभर चिकटतो, ओढला जातो, सुटतो, परत चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा. वेग कमी होत जातो तशी पकड थोडी वाढते, म्हणून सिग्नलला गाडी थांबायच्या बेतात असतानाच आवाज जास्त येतो. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की किंचाळतो आणि तोच खडू मोडून तिरपा धरला की गप्प होतो ना, तसंच हे, घासणारी वस्तू कशी धरलीय, किती लांब आहे, किती ढिली आहे यावर सगळं. पॅडच्या थरथरीनं डिस्क पण थरथरते आणि ती पडली रुंद चपटी चकती, हवा मस्त हलवते. हा आवाज साधारण 1 हजार हर्ट्झच्या वर असतो आणि आपले कान 2 ते 5 हजारच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट, त्यामुळे एवढीशी थरथर पण पोवई नाक्यावरच्या गोंगाटात वेगळी ऐकू येते.

हे दुखणं नवीन नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा डिस्कवर तांबं घासायचं आणि आवाज भयंकर यायचा. पुढे 1907 च्या सुमाराला हर्बर्ट फ्रूडनं ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं तेव्हा कुठे तो कमी झाला. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला किती घातक ते नंतर कळलं, म्हणून ब्रेकची धूळ तोंडानं किंवा कंप्रेसरच्या हवेनं अजिबात उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि मास्क लावा.

आता तुमच्या गाडीचा आवाज नेमका कसला ते बघू. ब्रेक दाबल्यावरच बारीक शिट्टी येते आणि गाडी नीट थांबतेय, तर बहुतेक पॅडवर चकाकी आलीय किंवा मागची पत्ती, शिम ढिली आहे. ब्रेक न दाबताच चाकाबरोबर खर्र खर्र चालू आहे, तर पॅड डिस्कला घासत राहिलाय, कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा, मोकळा होत नाहीये. ब्रेक दाबताक्षणी एकदाच खट वाजतं, तर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना, पॅड किंवा हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल असेल, पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवा आणि हँडलच्या मुळाशी हात लावून बघा, खट हाताला कळते. आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड करकर आवाज येत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला लागलीय, अशानं थोड्याच वेळात डिस्कही जाते, आणि पॅडपेक्षा ती कितीतरी महाग. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, लागल्यावर लिव्हरला धडधड आणि बारीक टकटक येते, ती मात्र बरोबर आहे, घाबरू नका.

तपासणीला मोठं सामान लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, कोणाला तरी मागे सीट दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल, ते हातानं फिरवा, मोबाईलचा टॉर्च कॅलिपरमध्ये मारा. मसाला 1 ते 1.5 मिलीमीटरवर आला असेल तर पॅड बदलायचेच. दोन्ही पॅड सारखे झिजलेत का तेही बघा, एक जाड एक पातळ किंवा एखादा तिरका झिजलेला दिसला तर पिना अडकल्यात असं समजा. डिस्कवर कमीत कमी जाडी बहुतेक कोरलेलीच असते, कडेला आणि मधे नख फिरवलं की खड्डा पडलाय का ते कळतं.

कॅलिपर अडकतो कसा ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लिव्हर सोडल्यावर पॅडला ढकलणारा पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटाचं एक रबराचं कडं असतं, ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर थोडं पिळतं आणि सोडला की परत मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे आणतं. बास, एवढ्यावरच डिस्क मोकळी होते. पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर तांबडा चिखल वाळून बसला की रबराला ते जमत नाही, पॅड घासत राहतो, तापतो, वरून कडक आणि चकचकीत होतो, मग किंचाळतो. म्हणजे आवाज पॅडचा, पण दोष पिस्टनचा, अशा वेळी नुसते नवे पॅड टाकले तर थोड्या दिवसांत परत तेच.

घाटाचं पण तसंच. बाईक, माणूस, सामान मिळून 220 किलो धरलं आणि 400 मीटर खाली उतरलं तर साडेआठ लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जायला हवी, 30 अंशाचं जवळपास 3 लिटर पाणी उकळीला येईल एवढी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बराच वाटा इंजिन आणि हवा घेतात, न्यूट्रलमध्ये उतरलात तर बहुतेक सगळी ब्रेकच्या माथी. म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका, पेट्रोल वाचतं म्हणून तर मुळीच नाही.

दुरुस्तीत आधी कॅलिपर खोलून पिस्टन साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं साफ करायचा, मगच मागे दाबायचा, नाहीतर चिखल आत रबरात जातो. दाबताना वरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल उतू जात नाही ना ते बघा, ते पेंट खातं. पॅड बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन निसटेल. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. पॅडवर चकाकी असेल तर सपाट फरशीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं घासा, काठ थोडे तिरके करा, खडूवाली गोष्ट इथे कामाला येते. पॅडमागची शिम परत बसलीय याची स्वतः खात्री करा, घाईत ती काढून टाकली जाते आणि पॅड आत नाचायला लागतो.

वॉशिंग सेंटरला गाडी चमकावी म्हणून डिझेल किंवा पॉलिश मारतात, तिथे चाकांवर मारू नका असं आधीच सांगा. डिस्कवर तेल गेलं तर ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतं, पण पॅडनं तेल पिलं तर तो टाकूनच द्यायचा, गॅसवर भाजून ते निघत नाही.

सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर 40 वरून 10 च्या वेगापर्यंत दहाएक वेळा ब्रेक मारा, मधे डिस्कला वारा लागू द्या आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका, पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला लिव्हर धडधडते. एवढं करूनही शिट्टी राहिली तर डिस्कची जाडी आणि वाकडेपणा गॅरेजमध्ये मोजून घ्या.